स्टॉप मोशन प्रकल्प : 'विषय काय घेऊ?' पासून खऱ्या कल्पनेपर्यंत



गेल्या काही वर्षांत स्टॉप मोशन हा प्रकार आपल्या शाळांपर्यंत पोहोचला आहे. एक मोबाईल, थोडी माती आणि एक टेबल, एवढ्यावर मुलं स्वतःची छोटी फिल्म तयार करू शकतात. वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की वस्तू स्वतःहून हलते आहे असं वाटतं. अ‍ॅप कसं वापरायचं हे मुलं आपल्या आधी शिकतात, त्याची काळजी नको. गाडी अडते ती दुसरीकडेच. फिल्म करायची, पण कशावर? आजचा लेख फक्त तेवढ्याच टप्प्यावर आहे.

हा पाठ मी सातवीच्या वर्गाला दोन वर्षं घेतला. पहिल्या वर्षी चुकलो. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यातून निघाली.

पहिल्या वर्षी काय झालं

पोळा होऊन आठवडा झाला होता. मी फळ्यावर लिहिलं, 'आपल्या फिल्मसाठी विषय निवडा.' वर्गात सहा गट होते. दहा मिनिटांत पाच गटांनी विषय दिले : झाडे लावा, पाणी वाचवा, स्वच्छता, प्लॅस्टिक टाळा, मुलगी शिकवा. सगळे विषय चांगले, आणि सगळे निबंधाच्या वहीतले. मुलांची चूक नव्हती. 'विषय' हा शब्द आपण वर्गात उच्चारला की त्यांना निबंधच आठवतो.

सहाव्या गटाने काहीच लिहिलं नाही. त्यांच्या बाकावर मातीचा एक बैल होता. आपल्याकडे ज्यांच्या दारी बैल नाहीत ते पोळ्याला मातीचे बैल पुजतात, त्यातलाच तो. आणणाऱ्या मुलाला मी विचारलं, "बैलावर काय करणार?"

तो म्हणाला, "आमना बैल ग्यात, सर." गेले म्हणजे विकले. मग थोडा वेळ घेऊन मराठीत म्हणाला, "गोठ्यात आता मोटारसायकल लावतात. हा मातीचा बैल चालत चालत गोठ्यात जाईल. दावणीपाशी."

"मग?"

"मग काही नाही. बसेल तिथं."

मला वाटलं, एवढंच? याच्यात बोध कुठे आहे? मी म्हणालो, "छान आहे. शेवटी एक पाटी टाकू : 'पशुधन वाचवा, शेती वाचवा.'" त्याने मान हलवली. गटाने मेहनत करून फिल्म केली. सत्राच्या शेवटी पालकांना बोलावून आम्ही सगळ्या फिल्म दाखवल्या. बैल गोठ्यात गेला, बसला, मग पाटी आली, टाळ्या पडल्या.

सामान आवरताना तो मुलगा जवळ आला. "सर, ती पाटी तुम्हीच सांगितली होती ना?" मी हो म्हणालो. "माझ्या आप्पांनी वाचली ती," एवढं बोलून तो गेला.

त्याचे वडील मागच्या रांगेत बसले होते. बैल त्यांनी हौसेनं विकले नव्हते. चाऱ्याचा खर्च झेपेना म्हणून विकले होते, हे मला नंतर कळलं. मुलाला जे दाखवायचं होतं ते त्याने दाखवलं होतं : जागा आहे, बैल नाही. त्यावर माझ्या पाटीनं भर सभेत त्याच्या बापाला उपदेश केला. फिल्म त्याची होती, शेवट मी माझा चिकटवला होता.

त्या दिवसापासून मी कल्पनेचा टप्पा वेगळ्या पद्धतीनं घ्यायला लागलो. त्यासाठी मदत झाली ती शंभर वर्षांहून जुन्या एका वाटाण्याची.

फाळक्यांचा वाटाणा

दादासाहेब फाळके आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले. १८७० साली त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. मोठा कथापट करायचा होता, पण त्याला लागणारा पैसा नव्हता. 'हलती चित्रं' ही काय चीज आहे आणि ती आपल्याला काढता येते, हे पैसे देणाऱ्यांना पटवणं भाग होतं.

त्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा मांडून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. बी रुजलं, कोंब वर आला, वेल चढली, हे सगळं पडद्यावर मिनिटभरात दिसलं. या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून मदत करणारे पुढे आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची एक छोटी फिल्मही केली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या हलताना दिसत.

वर्गात ही गोष्ट सांगून मी मुलांना एकच प्रश्न विचारतो : वाटाण्याच्या फिल्मचा विषय काय होता? कुणी म्हणतं शेती, कुणी म्हणतं विज्ञान, कुणी म्हणतं निसर्ग. मग विचारतो : सुरुवातीला काय दिसलं, शेवटी काय दिसलं? इथे सगळ्यांचं उत्तर एकच येतं. आधी बी होतं, नंतर वेल झाली.

स्टॉप मोशनच्या कल्पनेचं मर्म इथेच आहे. विषय म्हणजे कल्पना नव्हे. डोळ्यांना दिसणारा एक बदल म्हणजे कल्पना. 'पाणी वाचवा' याचा फोटो काढता येत नाही. भरलेला हंडा रिकामा होताना काढता येतो. म्हणून आता मी फळ्यावर 'विषय निवडा' असं लिहीत नाही. 'काय बदलतं?' असं लिहितो.

पाठाची आखणी

इयत्ता : पाचवी ते आठवी
गट : पाच-पाच मुलांचे
वेळ : कल्पनेसाठी ४० मिनिटांच्या चार तासिका. प्रत्यक्ष चित्रण त्यानंतर.
साहित्य : वही, पेन्सिल, हाताशी असलेल्या वस्तू. मोबाईल फक्त चौथ्या तासिकेला.
निष्पत्ती : विद्यार्थी परिसरातला बदल बारकाईने पाहतो, तो सुरुवात-मधला भाग-शेवट अशा क्रमाने मांडतो आणि उपलब्ध वेळ-साहित्यात बसेल असा त्याचा आराखडा करतो.

तासिका पहिली : पाहणी

आदल्या दिवशी गृहपाठ द्यायचा : 'आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत तुमच्या डोळ्यांदेखत जे बदललं अशा पाच गोष्टी लिहा. टीव्ही आणि मोबाईलवरच्या चालणार नाहीत.'

पहिल्यांदा मुलं 'काहीच बदललं नाही' म्हणतात. मग आपण एक-दोन नमुने सांगायचे. भरताचं वांगं भाजताना काय होतं? हिरवी साल काळी पडते, मग चिरते, मग वांगं बसतं. कळण्याची भाकरी तव्यावर कशी फुगते? कपाशीचं बोंड आधी कसं असतं आणि उललं की कसं दिसतं? एवढं सांगितलं की बांध फुटतो. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातून आलेल्या यादीतल्या काही गोष्टी : नळावरची हंड्यांची रांग, वर्गाच्या भिंतीवर सरकणारी कडुनिंबाची सावली, आजीच्या पानाच्या डब्यातला कमी होत गेलेला चुना, खापरावर पसरत जाणारा मांडा, मुंग्यांनी ओढत नेलेला साखरेचा दाणा.

इथे बहिणाबाई चौधरींची आठवण मुलांना जरूर करून द्या. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात आणि घरात राबताना जे रोज डोळ्यांसमोर होतं त्यावरच त्यांनी रचना केल्या. त्यांच्या कविता पुस्तकरूपानं आल्या त्या त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. सुगरणीचा खोपा आपल्या मुलांनीही पाहिलेला असतो. फरक पाहण्यात आहे. एका गटाने पुढे खरोखरच खोप्यावर फिल्म केली : गवताची एक एक काडी येते, गुंतते आणि खोपा तयार होतो. पक्षी एकदाही दिसत नाही.

तासिका दुसरी : दोन डबे

आलेल्या यादीतल्या गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहून दोन डब्यांत टाकायच्या. एका डब्यावर लिहायचं 'आपोआप बदलतं', दुसऱ्यावर 'आपण हलवायचं'. फाळक्यांचा वाटाणा पहिल्या डब्यात, आगकाड्या दुसऱ्या डब्यात.

पहिल्या डब्यातल्या गोष्टींत वस्तूला हात लावायचा नसतो, धीर धरायचा असतो. ठरलेल्या वेळाने फोटो काढत राहायचं. याला टाइम लॅप्स म्हणतात. स्टॉप मोशनचं हे सख्खं भावंड. दुसऱ्या डब्यात मात्र प्रत्येक हालचाल आपल्या हातानं करायची असते.

हा फरक आधीच समजलेला बरा, कारण वेळापत्रक त्यावर ठरतं. यावलकडच्या माझ्या एका शिक्षक मैत्रिणीच्या वर्गाने केळीचं नवं पान उलगडताना टिपायचं ठरवलं. कल्पना सुरेख : गुंडाळलेली सुरळी हळूहळू सुटते आणि पान होतं. पण त्यांनी ते जानेवारीत करायला घेतलं. थंडीत केळीची वाढ मंदावते आणि पान लवकर सुटत नाही. मुलं रोज फोटो काढून कंटाळली. मग एका विद्यार्थिनीचे केळी उत्पादक वडील म्हणाले, "हे पावसाळ्यात करायचं होतं, मॅडम." पुढच्या वर्षी त्यांनी ऑगस्टमध्ये केलं तेव्हा आठ-दहा दिवसांत काम झालं. कल्पना पक्की करण्याआधी त्या गोष्टीतल्या जाणकाराला विचारायचं, हा धडा आम्ही दोघांनीही घेतला. आपल्या भागात असा जाणकार बहुतेक वेळा मुलांच्या घरातच असतो.

तासिका तिसरी : तीन वाक्यं आणि मुकी चाचणी

आता प्रत्येक गटाने एक चिठ्ठी निवडायची आणि तीनच वाक्यं लिहायची :

सुरुवातीला...
मग...
शेवटी...

तीन वाक्यांत बसत नसेल तर गोष्ट मोठी आहे. आणि 'शेवटी'च्या वाक्यात 'समजलं पाहिजे', 'घेतला पाहिजे', 'केलं पाहिजे' असं काही आलं तर तो अजून निबंधच आहे. त्या वाक्याच्या जागी एक चित्र हवं.

पहिल्या वर्षीचेच तीन विषय दुसऱ्या वर्षी कसे बदलले ते पाहा.

'पाणी वाचवा' या गटाला मी विचारलं, "पाणी जाताना-येताना तुम्ही कुठे पाहता?" पांझरेच्या खोऱ्यात काही शतकांपासून फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, शिवाराचे पाडलेले फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाळीपाळीनं पाणी सोडणारा पाटकरी. एका मुलीच्या आजोबांनी हे पाहिलेलं होतं. गटाची तीन वाक्यं अशी झाली : सुरुवातीला सगळे फड कोरडे आहेत. मग पाणी एकेका फडात शिरतं आणि पुढे जातं. शेवटी शेवटच्या फडापर्यंत पोहोचतं. पाण्यासाठी त्यांनी निळी लोकर वापरली. पाणी वाचवा असं कुणी म्हटलं नाही, पण शेवटच्या फडात लोकर पोहोचते की नाही याकडे वर्ग श्वास रोखून पाहत होता.

'स्वच्छता'वाल्या गटाचं : सुरुवातीला वेफर्सचं रिकामं पाकीट एका दारातून बाहेर पडतं. मग वाऱ्यानं ते एकेका अंगणात जातं आणि जो तो त्याला पुढे ढकलतो. शेवटी गल्लीला वळसा घालून ते पहिल्याच दारात येऊन थांबतं.

'झाडे लावा'चं तर फक्त एवढंच झालं : सुरुवातीला भिंतीवर मोठी सावली आहे. मग सावली लहान लहान होत जाते. शेवटी बाकावरचा मातीचा माणूस उन्हात बसलेला दिसतो. झाड चित्रात येतच नाही.

यानंतर मुकी चाचणी. गटाने न बोलता, बाकावर वस्तू हातानं हलवून आपली गोष्ट शेजारच्या गटाला दाखवायची. शेजारच्या गटाने काय कळलं ते सांगायचं. कळलं नाही तर समजावून सांगायची परवानगी नाही, गोष्ट बदलायची. मुलांना 'शॉन द शीप' माहीत असतो. त्यातली मेंढरं बोलत नाहीत, तरी सगळं कळतं. हे उदाहरण दिलं की 'सर, आवाज टाकून सांगू ना' ही मागणी कमी होते.

तासिका चौथी : सहा चौकटी, हिशेब आणि दहा फोटो

कागदाच्या घड्या घालून सहा चौकटी करायच्या. प्रत्येक चौकटीत फिल्ममधला एक महत्त्वाचा क्षण काढायचा. चित्रं सुबक नकोत, काड्यांची माणसं चालतील. कोणती वस्तू कुठे आहे आणि कुठल्या बाजूला जाणार आहे एवढं कळलं की पुरे.

मग गणित. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. मुलांसाठी सेकंदाला १० ते १२ पुरतात. आम्ही हिशेबाला सोपं म्हणून १० धरतो. २५ सेकंदांची फिल्म म्हणजे २५० फोटो. माझ्या वर्गाचा वेग मिनिटाला साधारण दोन फोटो. म्हणजे १२५ मिनिटं, तीन तासिकांहून जास्त. हा हिशेब मुलांनाच करू द्या. 'बैल बाजारात जातो, तिथे भाव ठरतो, मग ट्रकमध्ये चढतो' अशी लांबलचक गोष्ट मग ती स्वतःच कापतात. आपण 'हे जमणार नाही' म्हणण्यापेक्षा आकड्यानं म्हटलेलं त्यांना जास्त पटतं.

शेवटी दहा फोटोंची चाचणी. खरं चित्रण नाही, फक्त सगळ्यात अवघड हालचालीचे दहा फोटो. कल्पना साहित्याला झेपते की नाही ते इथे कळतं. आपली काळी माती वाळली की तडकते. चौथ्या-पाचव्या फोटोला हमखास आरोळी येते, "सर, पाय तुटी गया!" मातीचा चार पायांचा बैल चालवणं मोठ्यांनाही अवघड आहे. एका गटाने यावर काढलेली युक्ती मला फार आवडली. त्यांनी बैलाच्या पुढे कडब्याची कांडं उभी करून त्याचे पाय झाकले. बैल नुसता सरकवला तरी कडब्यातून चालत गेल्यासारखा दिसला. तेलकट, न वाळणारी बाजारातली क्ले घेतली तर पाय तुटत नाहीत, पण आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तीही मऊ पडून वाकते. म्हणून मातीचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरकावं.

उजेडाचीही चाचणी याच वेळी होते. खिडकीतलं ऊन ढगाबरोबर कमी-जास्त झालं की फिल्म लुकलुकते. खिडक्या बंद करून एकाच दिव्याखाली काम करावं. मोबाईल विटांच्या आधारानं घट्ट बसवावा.

शिक्षकाने काय विचारावं, काय टाळावं

माझ्या पहिल्या वर्षीच्या चुकीवरून मी स्वतःसाठी काही नियम केले आहेत.

'यातून काय संदेश मिळतो?' हा प्रश्न कल्पनेच्या टप्प्यावर मी विचारत नाही. त्याऐवजी विचारतो, 'शेवटचं चित्र कोणतं? आणि ते दोन सेकंद तसंच थांबलं तर चालेल का?' मुलाला स्वतःहून संदेश द्यायचा असेल तर जरूर द्यावा. प्लॅस्टिकवर मनापासून चिडलेली मुलं मी पाहिली आहेत. आपण तो चिकटवू नये, एवढंच.

'एवढंच?' हा शब्द मी वर्गात बंद केला आहे. तीस सेकंदांत 'एवढंच' मावतं.

गप्प बसलेल्या गटाला लगेच विषय सुचवत नाही. त्यांच्या बाकावर काय वस्तू आहे ते पाहतो. अहिराणीत सांगणाऱ्याला आधी अहिराणीतच सांगू देतो. प्रमाण भाषेत मांडायच्या नादात कित्येकदा मुलाची मूळ गोष्टच हरवते, आणि फिल्मला तर भाषा लागतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'घरी काय बदललं?' असं विचारलं की घरातली दुःखंही बाहेर येतात. विकलेले बैल, बंद पडलेलं दुकान, सुरतेला कामाला गेलेला भाऊ. अशी गोष्ट आली तर मुलाशी एकट्याने बोलावं. दोन गोष्टी विचाराव्यात : ही फिल्म कोणाकोणाला दाखवायची? घरच्यांना आधी सांगायचं का? तो 'वर्गापुरतीच' म्हणाला तर वर्गापुरतीच. स्पर्धेला पाठवायचा मोह आपल्याला होतो, पण गोष्ट त्याची आहे. फिल्म सभागृहात लागेल तेव्हा तिथे कोण बसलेलं असेल, हे आपण आधी डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. मी आणलं नव्हतं.

पालकांसाठी थोडं

मुलांना घरचा मोबाईल दीड-दोन तास लागेल. देताना तो विमान मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच फोन येतो, मोबाईल थरथरतो आणि चित्र सरकतं. अडीचशे फोटो मावतील एवढी जागा मोकळी करून द्या. बैल वाकडा झाला, वांगं ओळखू येईना, तरी हात लावू नका. वाकडा बैल त्याचा आहे, सरळ केलेला तुमचा होईल. मदत करायचीच असेल तर माहिती द्या. बोंड किती दिवसांत उलतं, पाटाची पाळी कशी असायची, मांडा खापरावर कसा टाकतात, हे तुमच्याकडे आहे आणि शिक्षकाकडे नसेलही.

मूल्यमापन

गुण द्यायचेच असतील तर मी कल्पनेच्या टप्प्याला चार प्रश्नांवर देतो. बदल डोळ्यांना दिसतो का? तो मुलाने स्वतः पाहिलेला आहे का? न बोलता दुसऱ्या गटाला कळला का? आणि मुकी चाचणी किंवा दहा फोटोंनंतर गटाने आपल्या कल्पनेत काही दुरुस्ती केली का? शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त गुण ठेवतो. फिल्म किती सफाईदार झाली याचे गुण वेगळे आणि कमी.

त्या बैलाचं पुढे काय झालं

पुढच्या वर्षी तो मुलगा आठवीत गेला. मी त्याला बोलावून म्हणालो, "तुझी फिल्म पुन्हा बसवू या का? पाटी काढून टाकू." तो आधी हसला, मग म्हणाला, "पाटी काढली तर शेवट काय?"

"तू सांगितला होतास तोच."

पाटीचे तीन सेकंद काढायला पाचच मिनिटं लागली. आता बैल गोठ्यात येतो, रिकाम्या दावणीपाशी थांबतो, पाय दुमडून बसतो. मागे मोटारसायकलचं चाक दिसतं. फिल्म तिथेच संपते. त्याने ती आईच्या मोबाईलवर पाठवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आप्पांनी पाहिली का?"

"पाहिली. म्हणाले, आपला पांढऱ्या असाच बसायचा. पुढचा डावा पाय आधी घ्यायचा." आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "मी उजवा घेतलाय, सर. परत फोटो काढायचे का?"

आम्ही परत काढले. चौदा फोटो लागले.